व्हिनेगर, वीस जेवणं आणि एक वही

ताईचा फोन आला तेव्हा मी नुकतंच बोट टोचून बसले होते.

"अगं, व्हिनेगर घेऊन बघ. माझी साखर दोनशे दहावरून दीडशेवर आली!"

"कधी मोजलीस?"

"जेवल्यावर."

"जेवल्यावर म्हणजे किती वेळानं?"

"तू ना, नेहमीचीच! जेवल्यावर म्हणजे जेवल्यावर."

मी एकतीस वर्षं हिशेब तपासायची नोकरी केली. तारीख नसलेलं व्हाउचर मी कधी पुढे सरकू दिलं नाही, आणि वेळ न लिहिलेला साखरेचा आकडा माझ्या लेखी तसलंच व्हाउचर. जेवलं की साखर चढते, माथा गाठते, मग उतरायला लागते. एकाच जेवणानंतर तासानं घेतलेला आकडा आणि दोन तासांनी घेतलेला आकडा यांत तीस-चाळीसचा फरक सहज पडतो. तेव्हा ताईचे दोनशे दहा कुठल्या मिनिटाचे आणि दीडशे कुठल्या, हे कळल्याशिवाय आनंद कशाचा करायचा?

पण खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. टाइप २ मधुमेह होऊन मला सहा वर्षं झाली. मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. सकाळची उपाशीपोटीची साखर बरी असते, १२० च्या आसपास. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं ते एचबीए१सी मागच्या वेळी ७.२ आलं. गडबड होते ती दुपारच्या जेवणानंतर. भाताचा आणि माझा संबंध जुना आहे, तो तोडायची माझी तयारी नाही, आणि हे माझ्या ग्लुकोमीटरला मान्य नाही. अशा वेळी कुणी म्हटलं की चमचाभर आंबट पाणी प्यायलं की झालं, तर हिशेबनिसाचाही हात बाटलीकडे जातो.

बाटली आणली. सफरचंदाच्या व्हिनेगरची, तळाशी गढूळ धागे तरंगणारी, वर मोठ्या अक्षरात ‘मदर’ लिहिलेली. पहिल्या दिवशी खोकल्याचं औषध घेतात तसं एक मोठा चमचा सरळ तोंडात ओतलं. घसा असा पेटला की पुढची पाच मिनिटं मी सिंकपाशी उभी होते.

"अगं, बाटलीवर लिहिलंय, पाण्यात मिसळून घ्यावे."

"अहो, हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

घरात वापरायच्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं आणि त्याचा पीएच अडीच-तीनच्या घरात. दाताच्या वरच्या कवचातली खनिजं साडेपाचच्या खाली पीएच गेला की विरघळायला लागतात. घशाचं तर विचारूच नका. नेदरलँड्समधल्या दंतवैद्यांनी पंधरा वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहून ठेवलंय. ती बारीक होण्यासाठी रोज ग्लासभर सफरचंदाचं व्हिनेगर प्यायची, आणि तिचे दात झिजले. मी त्या दिवसापासून ग्लासभर पाणी, स्ट्रॉ, आणि वर साध्या पाण्याची चूळ असं करते. लगेच दात घासायचे नाहीत हेही तेव्हाच शिकले, कारण आंबटानं मऊ झालेल्या कवचावर ब्रश फिरवणं म्हणजे ओल्या भिंतीला घासणीनं घासणं.

त्या ‘मदर’बद्दल एक सांगते, कारण बाटलीची किंमत तिच्यावरच ठरते. ती म्हणजे व्हिनेगर बनवणारे जिवाणू आणि त्यांनी विणलेलं सेल्युलोजचं जाळं. दिसायला गूढ आहे. साखरेच्या प्रयोगांत मात्र तिचा काही हात असल्याचं मला कुठे आढळलं नाही. जे काम होतं ते अ‍ॅसिटिक आम्लाचं, आणि ते साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्येही तेवढंच असतं.

हे मला कळलं ते प्रयोगांचे अहवाल शोधून वाचायला लागल्यावर. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ आहे, आणि आकड्यांची भीती मला कधीच नव्हती.

व्हिनेगरबद्दल कुणीही काही लिहिलं की ज्या अभ्यासाचा दाखला देतात तो २००४ सालचा आहे. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या कॅरल जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. त्यात मधुमेह नसलेली ८, इन्सुलिनला नीट दाद न देणारी ११ आणि टाइप २ मधुमेहाची १० माणसं होती. प्रत्येकाला एकदा २० ग्रॅम सफरचंदाचं व्हिनेगर पाण्यात मिसळून, गोडीसाठी सॅकरीन घालून दिलं आणि एकदा नुसतं तसंच गोड पाणी. मग पांढरा पाव, लोणी आणि संत्र्याचा रस असं ८७ ग्रॅम कर्बोदकांचं जेवण. निष्कर्ष असा की जेवणानंतरच्या पहिल्या तासात इन्सुलिनची संवेदनशीलता इन्सुलिनला दाद न देणाऱ्यांत ३४ टक्क्यांनी आणि मधुमेह्यांत १९ टक्क्यांनी सुधारली.

इथे माझ्यातला तपासनीस जागा झाला. हा ३४ चा आकडा मी आजवर निदान दहा ठिकाणी ‘व्हिनेगरने साखर ३४ टक्के कमी होते’ असा वाचलाय. तो साखरेचा आकडाच नाही! तो संवेदनशीलतेचा आहे, म्हणजे इन्सुलिन किती कामाला येतं याच्या एका गणिताचा, आणि तोही मधुमेह नसलेल्या पण त्याच्या वाटेवर असलेल्या गटाचा. एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यावर टाकलेली. नोकरीत असते तर लाल शाईनं गोल केला असता.

तरीही मूळ गोष्ट खोटी नाही. मला सगळ्यांत आवडलेला प्रयोग इटलीतल्या संशोधकांचा, १९९५ चा. माणसं फक्त पाच, पण युक्ती फार सुरेख. ऑलिव्ह तेल घातलेली कच्ची पालेभाजी आणि सोबत पांढरा पाव. एकदा पाल्यावर व्हिनेगर घातलं. एकदा तेच व्हिनेगर, पण आधी खायच्या सोड्यानं त्याचा आंबटपणा मारलेला. साध्या व्हिनेगरनं साखरेची चढण जवळजवळ ३१ टक्क्यांनी कमी झाली. सोडा घातलेल्यानं काहीच झालं नाही. म्हणजे व्हिनेगरमधलं आणखी कुठलं गुप्त द्रव्य नव्हे, आम्ल आम्ल म्हणून शिल्लक असणं महत्त्वाचं. ज्यांना आंबट सोसत नाही म्हणून चिमूटभर सोडा घालून पितात त्यांनी हे वाचून काय ते ठरवावं.

स्वीडनमधल्या लुंडच्या गटानं २००५ साली बारा निरोगी माणसांना पांढऱ्या पावाबरोबर व्हिनेगरच्या तीन वेगवेगळ्या मात्रा दिल्या. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला, आणि पोट भरल्याची भावनाही वाढली. मात्रेबरोबर परिणाम वाढला की मला जरा विश्वास वाटतो. योगायोग असा पायऱ्या पायऱ्यांनी चढत नाही.

मग हे होतं कसं? एक म्हणणं असं की व्हिनेगरमुळे पोटातलं अन्न आतड्यात हळू उतरतं. हे तपासायला १९९८ साली लुंडच्याच संशोधकांनी खाण्याबरोबर पॅरासिटामॉल दिलं. ते पोटात जवळजवळ शोषलं जात नाही, आतड्यात पोचलं की लगेच रक्तात दिसतं. तर व्हिनेगर घेतल्यावर ते उशिरा दिसलं. पावाला वाटेत नाक्यावर थांबवून ठेवल्यासारखं. दुसरं म्हणणं, आतड्याच्या अस्तरावरची साखर फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आम्लामुळे थोडी मंदावतात. हे पेशींवर केलेल्या प्रयोगात दिसलंय. तिसरं, स्नायू रक्तातली साखर जास्त उचलतात. अथेन्सच्या गटानं टाइप २ च्या ११ जणांच्या हाताच्या रक्तप्रवाहात हे मोजलं. इटलीच्या त्या पाच जणांत मात्र सोनोग्राफीनं पाहिल्यावर पोट रिकामं होण्याच्या वेगात फरक आढळला नव्हता. तेव्हा कदाचित तिन्ही थोडं थोडं.

पण पहिल्या म्हणण्यात माझ्या ताईच्या फोनचं उत्तर दडलेलं होतं. साखर जर नुसती उशिरा उतरत असेल, तर तासाचा आकडा छान दिसेल आणि दोन तासांचा आकडा जवळपास तिथेच असेल. आणि ताईनं कधी मोजलं होतं? ‘जेवल्यावर’.

तिला आणखी एक विचारायचं राहिलं होतं, ते मी दुसऱ्या फोनमध्ये विचारलं. व्हिनेगर घेतेस कधी? म्हणाली, सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, मग दोन तासांनी फळांचा रस. यात दोन घोटाळे आहेत. २०१० मध्ये जॉन्स्टन यांच्याच गटानं निरोगी माणसांत पाहिलं, की दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅमसुद्धा उपयोगी पडतात, पण जेवणाबरोबर घेतले तर. पाच तास आधी घेतले तर तितके नाहीत. आणि नुसत्या साध्या साखरेबरोबर घेतलं तर काहीच फरक दिसला नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला २०१२ साली टाइप २ च्या १२ पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन तपासलं, तिथेही व्हिनेगरचं काही चाललं नाही. ज्याला फोडायचंच नाही त्याचं फोडणं मंद कसं करणार? व्हिनेगरला काम हवं असेल तर ताटात स्टार्च हवा: भात, पाव, बटाटा. त्यातही भराभर साखर वाढवणारा. अथेन्सच्या आणखी एका अभ्यासात टाइप २ च्या १६ जणांपैकी आठांना बटाट्याचा लगदा आणि आठांना अख्ख्या धान्याचा पाव, पाला, चीज असं दिलं, एकदा व्हिनेगरसह आणि एकदा त्याशिवाय. व्हिनेगरचा फायदा फक्त लगद्याबरोबर दिसला. चांगलं जेवण जेवणाऱ्याला व्हिनेगर काही देत नाही, हे मला जरा अन्यायाचं वाटलं, पण आहे ते असं आहे.

ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू वाचत बस. मला फरक पडला."

म्हणून मी वही काढली.

नियम असे ठरवले. वीस दुपारची जेवणं. प्रत्येक वेळी शिजवलेला पांढरा भात १८० ग्रॅम, वजनकाट्यावर तोलून. त्यात साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं येतात, आणि बहुतेक प्रयोगांत तेवढीच देतात. सोबत दोन उकडलेली अंडी आणि एक काकडी. दुसरं काही नाही. व्हिनेगर घ्यायचं की नाही हे मी ठरवायचं नाही. यांनी सकाळी नाणं उडवायचं, छापा तर व्हिनेगर, काटा तर नुसतं पाणी, आणि कुठल्याही एका बाजूचे दहा झाले की उरलेले दिवस दुसरीचे. व्हिनेगर २० मिलि, ग्लासभर पाण्यात, पहिल्या घासाच्या आधी. साखर जेवणाआधी, मग पहिल्या घासापासून बरोबर एका तासानं आणि दोन तासांनी. घड्याळाचा गजर लावून. जेवणानंतर दोन तास कुठे हिंडायचं नाही.

वीस दिवस तेच जेवण जेवणारा माणूस कुणाच्या सहानुभूतीला पात्र नसतो. पाचव्या दिवशी अंडी दिसली की मी दुसरीकडे बघायचे. यांनी नाणं उडवायचं काम मात्र फार गांभीर्यानं घेतलं. एकदा नाणं सोफ्याखाली गेलं तर कुठली बाजू वर होती ते पाहायला जमिनीवर आडवे पडले.

पहिल्याच दिवशी मी एक जास्तीची पट्टी वापरली, आणि ती पट्टी अख्ख्या प्रयोगातली सगळ्यांत शहाणी निघाली. एकाच बोटाच्या एकाच थेंबातून लागोपाठ दोनदा मोजलं. पहिला आकडा १७१, दुसरा १५८. तेरा मिलिग्रॅमचा फरक, आणि मध्ये माझ्या आयुष्यात काहीच घडलं नव्हतं. यंत्र बिघडलेलं नाही. घरगुती ग्लुकोमीटरसाठीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत म्हटलंय की १०० किंवा त्याहून वरच्या साखरेला ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आत असावेत. म्हणजे खरी साखर १८० असेल तर यंत्रानं १५३ दाखवलं काय आणि २०७ दाखवलं काय, दोन्ही नियमातच. एवढ्या लवचिक फूटपट्टीनं आपण एका चमच्याचा चमत्कार मोजायला निघतो.

याच हिशेबानं तो झोपताना व्हिनेगर घ्यायचा सल्ला पाहा. २००७ मध्ये टाइप २ च्या ११ जणांना रात्री दोन मोठे चमचे व्हिनेगर चीजच्या तुकड्याबरोबर दिलं. सकाळची साखर ४ टक्क्यांनी उतरली, नुसत्या पाण्यानं २ टक्क्यांनी. सकाळी १२५ असलेल्या माणसाला ४ टक्के म्हणजे ५. माझं यंत्र स्वतःशीच तेराचं भांडण करतं, त्याला हे पाच कुठून दिसणार?

तर वीस जेवणांचा ताळेबंद. व्हिनेगर नसलेल्या दहा दिवसांत तासाची सरासरी १९१, दोन तासांची १५८. व्हिनेगरच्या दहा दिवसांत तासाची १७४, दोन तासांची १५५.

तासाला सतराचा फरक. दोन तासांना तीनचा.

वहीचं ते पान मी बराच वेळ बघत बसले. सतरा म्हणजे काही नाही असं नाही. एकेक आकडा डगमगतो, पण दहांची सरासरी जरा स्थिर उभी राहते. तरी व्हिनेगरच्या दहांपैकी तीन दिवस तासाचा आकडा १९१ च्या वर होता, एकदा तर २०३. आणि व्हिनेगर नसलेल्या एका दिवशी १६८. मी जर फक्त हे दोनच दिवस मोजले असते तर व्हिनेगरनं साखर ३५ नं वाढते असं छातीठोकपणे सांगत फिरले असते. ताईचे दोनशे दहा आणि दीडशे हे असेच दोन दिवस असणार.

दोन-तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच माझ्यावर लाल शाई चालवीन. मला व्हिनेगर कधी घेतलं ते कळत होतं. ही चव लपवणं अशक्य आहे. व्हिनेगरच्या दिवशी मी हळू जेवत होते, कारण घसा कुरकुरायचा. हळू जेवल्यानंही आकडा खाली येऊ शकतो. आणि हे सगळं एका बाईच्या पोटाचं आहे. बारा-पंधरा माणसांच्या अभ्यासांना नावं ठेवावीत तर मी एकटीच.

मग एक खोड आणखी केली. व्हिनेगर बंद, नाणं बंद, जेवण तेच. जेवून उठलं की लगेच पंधरा मिनिटं चालायचं. फार जोरात नाही, बोलता येईल इतपत. आठ दिवस. तासाची सरासरी आली १६२. म्हणजे व्हिनेगरपेक्षा आणखी बारानं खाली, घसा शाबूत आणि दात शाबूत. २०१३ मध्ये वयस्कर माणसांवर केलेल्या अभ्यासातही प्रत्येक जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याचा चांगला उपयोग दिसला होता. चालणारे स्नायू साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना जास्तीचं इन्सुलिन लागत नाही.

त्यानंतर भात निम्मा केला, ९० ग्रॅम, आणि पोट भरायला काकडी वाढवली. तासाची सरासरी १५१. हे शोधायला वही कशाला हवी होती असं हे म्हणाले. मी उत्तर दिलं नाही.

अंडी आणि काकडी आधी, भात शेवटी, असंही करून पाहिलं. न्यूयॉर्कच्या वाईल कॉर्नेलमध्ये २०१५ साली टाइप २ च्या ११ जणांना भाजी आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस नंतर असं दिल्यावर अर्ध्या तासाची साखर सुमारे २९ टक्क्यांनी आणि तासाची सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आली होती, उलट क्रमाच्या तुलनेत. जेवण तेच, नुसता क्रम वेगळा. मी हे पाचच दिवस केलं, नंतर पाहुणे आले, म्हणून माझा आकडा देत नाही. पण सवय ठेवलीय.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, जरा हसले, आणि पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारला. माझी नुसती मेटफॉर्मिन आहे, ती एकटी साखर फारशी धोक्याच्या खाली नेत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर कमी करणारी प्रत्येक नवी गोष्ट आधी सांगून करायची, नाहीतर हात थरथरणं, घाम सुटणं हे व्हायला वेळ लागत नाही. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनाही त्यांनी मना केलं असतं. व्हिनेगर जास्त झालं तर पोटॅशियम घसरू शकतं आणि त्या माणसांना ते परवडत नाही. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एका बाईची हकिगत छापली होती: सहा वर्षं रोज पाव लिटर सफरचंदाचं व्हिनेगर. पोटॅशियम खाली, हाडं ठिसूळ. पाव लिटर म्हणजे काय हो!

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो मला आधी सुचला नव्हता. "जेवल्यावर पोट तासन्‌तास जड राहतं का? मळमळतं का?" जुन्या मधुमेहात काही जणांच्या पोटाच्या नसा मंदावतात आणि अन्न आपोआपच रेंगाळतं. स्वीडनमधल्या माल्मोला २००७ साली अशा १० टाइप १ च्या रुग्णांना ३० मिलि व्हिनेगर देऊन पाहिलं. पोट रिकामं होण्याचा वेग आणखी घटला, मध्यक २७ टक्क्यांवरून १७ वर. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं अन्न असं अडकून राहिलं तर इन्सुलिन आधी पोचतं आणि साखर मागून येते, मधल्या वेळात काय होईल ते सांगायला नको. म्हणजे ज्या गुणासाठी व्हिनेगर घ्यायचं तोच गुण या माणसांना नडतो.

"मग मी घेऊ की नको?" मी विचारलं.

"कोशिंबिरीवर घाला," ते म्हणाले. "गोळी बंद करू नका. आणि चालणं सोडू नका."

गोळी बंद करू नका हे ते उगाच म्हणाले नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकांनी बाटली सुरू करून गोळी बंद केली होती. तीन महिन्यांनी एचबीए१सी नऊच्या वर.

व्हिनेगरच्या कॅप्सूल आणि गोळ्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये जॉन्स्टन यांच्याच गटानं तपासलं, बाजारातल्या गोळ्यांनी द्रव व्हिनेगरइतकं काम केलं नाही. त्याआधी २००५ मध्ये आठ उत्पादनं तपासली होती, त्यांत आम्लाचं प्रमाण १ टक्क्यापासून १० टक्क्यांच्या वर एवढं वेगवेगळं निघालं, आणि ती तपासणी करायचं कारण असं की एका बाईच्या अन्ननलिकेला गोळी अडकून इजा झाली होती.

आणि वजनाचं. २०२४ च्या मार्चमध्ये लेबनॉनमधला एक अभ्यास गाजला होता: १२० तरुण, बारा आठवडे, रोज एखाद चमचा सफरचंदाचं व्हिनेगर, आणि वजनात, साखरेत मोठी घट. बातम्याच बातम्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानंच तो मागे घेतला, आकडेवारीत भरवशाचं काही उरलं नाही म्हणून. मागे घेतल्याची बातमी मात्र ताईच्या ग्रुपवर कुणी टाकली नाही. मी टाकली. दोन अंगठे आले, एक खाली.

आमच्या घरची बाटली अजून आहे. काकडी, टोमॅटो, पाला यांवर तेल आणि व्हिनेगर घालून ते भाताच्या आधी खाते. इटलीच्या त्या पाच जणांनीही पाल्यावरच घेतलं होतं, ग्लासातून नाही. बटाटे उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी व्हिनेगर घालून थंडच खाते कधीकधी, कारण लुंडच्या २००५ च्या अभ्यासात अशा बटाट्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती चढते याचा अंक, ताज्या गरम बटाट्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आला होता. थंड होताना स्टार्चचा काही भाग पचायला जड होतो, वर आम्लाची मदत. आणि खरं कारण सांगायचं तर ते चवीला चांगले लागतात. उरलेलं व्हिनेगर यांनी किटलीत तळाशी बसलेला पांढरा थर काढायला वापरलं. तिथे ते शंभर टक्के यशस्वी झालं, तासाला आणि दोन तासांनाही.

ग्लास आणि स्ट्रॉ बंद केलं. सतराच्या फरकासाठी रोज नाक मुरडून ग्लास प्यायचा, आणि पंधरा मिनिटं चालायचा कंटाळा करायचा, हे माझ्या खतावणीत बसेना.

ताईनं परवा फोटो पाठवला. मीटरवर १८८, आणि बाजूला वहीचा कागद, त्यावर तिच्या वळणदार अक्षरात: ‘भात. व्हिनेगर जेवताना. १ तास ५ मि.’ खाली दुसरी ओळ: ‘२ तास: १६१.’ आणि त्याखाली, ‘उद्या बिनाव्हिनेगर. नाणं कोण उडवणार? घरी मी एकटीच आहे.’

मी लिहिलं, फोन करत जा रोज सकाळी, हे उडवतील.